भटारखान्यातला पंखा बंद, तर गॅसही बंद हवा

डिसेंबर 2025 मध्ये गोव्यातल्या हडफडे इथल्या नाइट क्लबच्या आगीत 25 जण गेले. त्यांतले 20 तिथले कर्मचारी होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळहून पोटासाठी आलेली पोरं. आधी सिलिंडर फुटल्याच्या बातम्या आल्या, नंतर तपास आतषबाजीकडे वळला. म्हणजे आग भटारखान्यात लागलीच नव्हती. तरी तळघरातले बहुतेक कामगार धुरात गुदमरून मेले, कारण हवा आणि माणूस दोघांनाही बाहेर पडायला वाट नव्हती.

आपण अशा वेळी 'गॅसचा स्फोट' म्हणून विषय संपवतो. खरा प्रश्न हवेचा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला की तो जमिनीलगत साचतो आणि तळघरात तर तसाच बसून राहतो. हवेत साधारण दोन टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर खाली बसवायचा. पाइपने येणारा गॅस हलका, त्याचा वर. हे उलटं बसवलं तर यंत्र भिंतीवर शोभेला राहतं. गॅसला निदान वास तरी घातलेला असतो. कोंडलेल्या जागेत भट्टी पेटत राहिली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तोही नाही. डोकं दुखतंय, उष्णतेने असेल, असं म्हणत माणूस काम करत राहतो.

उपाय फार मोठा नाही. एक्झॉस्टचा पंखा आणि गॅसचा व्हॉल्व्ह एकमेकांना जोडायचे. पंखा थांबला की गॅस आपोआप बंद. ब्रिटनमधल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या मानकात ही जोडणी आहे. आपल्याकडे वीज वाचवायला पंखा बंद करणारा मालक हुशार ठरतो.

कायद्याचं काय? बाबासाहेब मजूर मंत्री असताना 1946 मध्ये कारखान्यातला आठवडा 48 तासांवर आला, हे आपण दर 1 मेला सांगतो. पण 1948 च्या कारखाना कायद्याने व्याख्येतूनच हॉटेल, उपाहारगृह वगळलं. त्यामुळे कारखान्यात खेळती हवा सक्तीची करणारं कलम 13 भटारखान्याला लागलंच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेनेही कारखान्याची व्याख्या करताना हॉटेल बाहेरच ठेवलं.

कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात ऑक्टोबर 2015 मध्ये गॅसगळतीने आग लागून पोटमाळ्यावर जेवणारे 8 जण गेले, त्यात 7 विद्यार्थी. लोकायुक्तांनी दाद दिली नाही. जून 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने महापालिकेला जबाबदार धरून प्रत्येक कुटुंबाला 50 लाख द्यायला सांगितलं. दहा वर्षं लागली, पण एक गोष्ट पक्की झाली: डोळेझाक करणारी पालिकाही दोषी असते.

हा निकाल कार्यकर्त्यांनी वापरायला हवा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं 'बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. आपल्या वॉर्डातल्या किती हॉटेलांनी ते दिलं, माहिती अधिकारात विचारा. आणि वस्तीतली जी पोरं हॉटेलात कामाला आहेत त्यांनाही विचारा: सिलिंडर कुठे ठेवतात, मागचं दार उघडतं का, रात्री झोपता कुठे? साकीनाक्याच्या फरसाण दुकानात डिसेंबर 2017 मध्ये पहाटे आग लागली, तेव्हा कामगार आतच झोपलेले होते. 12 जण गेले.