२०३५ चा आकडा : चूक, शंका आणि राजकारण

हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान आयपीसीसीच्या २००७ च्या चौथ्या अहवालात छापले गेले. हवामान बदलावरील संशोधनाचा आढावा घेणारी ही आंतरसरकारी समिती संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली काम करते. विधान चुकीचे होते. मोठ्या हिमनद्यांचा बर्फ शंभर मीटरहून अधिक जाड असतो. तो वर्षाला सरासरी अर्धा मीटर झिजत असेल, तर पंचवीस-तीस वर्षांत संपू शकत नाही. एवढे समजायला साधा भागाकार पुरतो.

चूक कशी शिरली?

१९९९ मध्ये 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकात एका मुलाखतीवर आधारित मजकूर आला. २००५ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या अहवालात उतरला आणि तिथून आयपीसीसीच्या आशियाविषयीच्या प्रकरणात. मसुदा तपासताना या विधानाची खात्री किती, अशी विचारणा जपान सरकारने केली होती. तरीही ते तसेच राहिले. मूळ मोजमाप कुणीच मागितले नाही आणि सांगोवांगी गोष्टीवर शास्त्राचा शिक्का बसला.

शंकेला मिळालेले उत्तर

नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगन हवामान परिषदेच्या तोंडावर, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. हिमनद्यांची माघार तापमानवाढीमुळेच होते हे अजून सिद्ध झालेले नाही, असा त्याचा रोख होता. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची 'वूडू विज्ञान' अशी संभावना केली. निबंधाचा निष्कर्ष वादग्रस्त होता, पण प्रश्न विचारण्याचा हक्क वादग्रस्त नव्हता. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीला २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. चुकीने विज्ञानाचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक शंका झटकून टाकणाऱ्या या ताठरपणाने केले.

शंकेचा धंदा

या एका चुकीवरून हवामान बदलच थोतांड ठरवणे हीदेखील लबाडीच आहे. याच अहवालाच्या पहिल्या खंडात बर्फावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात २०३५ चा दावा नाही. चूक उघडकीस आणली ती ग्रॅहम कॉगली यांच्यासारख्या हिमनदीतज्ज्ञांनीच. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. हवाईतील मौना लोआ येथे या वायूचे प्रमाण १९५८ मध्ये दशलक्षात सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहे. यातले काहीही २०३५ च्या आकड्यावर टेकलेले नाही.

विकत घेतलेली शंका कशी असते, हे अमेरिकेत दिसले. तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी १९८९ मध्ये 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' उभी केली. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही, असे १९९५ मध्ये तिच्याच तज्ज्ञांनी लिहून दिले. तरी लोकांपुढे ती संस्था अनिश्चिततेचाच पाढा वाचत राहिली.

मोजमाप काय सांगते?

लाहौल-स्पितीतील छोटा शिग्री हिमनदीवर बर्फात खोल छिद्रे पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. उन्हाळा सरला की काठी किती उघडी पडली ते मोजतात. तेवढा बर्फ गेला. २००२ पासून चाललेल्या या मोजणीत हिमनदी एकंदरीत झिजतानाच दिसते. जुन्या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे वापरून हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० नंतर बर्फ आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने घटत असल्याचे त्यात आढळले.

भारताची बाजू

भारताचे दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, तर अमेरिकेचे जवळजवळ चौदा टन. श्रीमंत देशांनी जास्त भार उचलावा, ही मागणी या हिशेबावर भक्कम उभी आहे. तिच्यासाठी वितळणारा बर्फ नाकारण्याची गरज नाही.

म्हणून दावा करणारे आणि शंका घेणारे अशा दोन्ही बाजूंना कसोटी एकच लावली पाहिजे : आकडा कुणी मोजला, कशाने मोजला, कुणी तपासला आणि पैसा कुणाचा होता? हिमनद्या आणि नद्यांच्या मोजणीची सर्व आकडेवारी सरकारने खुली करावी. चूक निघाल्यास संस्थांनी ती तत्काळ कबूल करावी. आणि शंका घेणाऱ्यानेही आपले मोजमाप लोकांसमोर मांडावे.