काचेच्या कपाटातील ‘शमशेर’

बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमाने पाहत वाढलेल्या मुलास विमानांचे वेड लागले, तर त्यात नवल नाही. हे वेड ओतीव धातूच्या प्रतिकृतींपर्यंत पोहोचले की घरातील वडीलधारे किंमत ऐकून चमकतात. इंदापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी ‘जग्वार’ या हल्ला-विमानाच्या प्रतिकृतीवरून असाच वाद झाला. “पप्पा, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. दुकानाच्या खरेदीत धरा,” असा मुलाचा आग्रह होता.

मुलाची निवड जाणकाराची होती, हे मान्य करावे लागेल. ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून घडविलेले हे विमान १९७९ साली भारतीय वायुदलात आले व ‘शमशेर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. फ्रान्सने ते २००५ मध्ये, ब्रिटनने २००७ मध्ये निवृत्त केले. भारताने मात्र पुढेही उडविले. १:७२ या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंच भरतो आणि सुमारे १७ मीटरचे विमान साडेतेवीस सेंटीमीटरचे होते.

गुंतवणुकीचा दावा मात्र हिशेबात टिकत नाही. सोन्यावर बँक कर्ज देते, कारण त्याचा भाव रोज ठरतो आणि गिऱ्हाईक कोठेही मिळते. प्रतिकृतीला गिऱ्हाईक मिळेल तेव्हाच भाव; मूळ खोके हरवले की तोही उतरतो. खरेदीच्या किमतीत आयात शुल्काचा वाटा मोठा असतो. खेळण्यांवरील हे शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के झाले. विकताना ते कोणी भरून देत नाही. शिवाय धातूचा स्वभावही पाहावा. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम मिसळून तो रस पोलादी साच्यात दाबाने भरतात. त्यात शिशाची भेसळ राहिली, तर वर्षानुवर्षांनी आतून तडे जाऊन वस्तू भुगा होते. जुन्या संग्राहकांना हा रोग चांगला ठाऊक आहे. त्यावर औषध नाही.

दुकानाच्या खरेदीत ती धरणे तर सरळ चूकच. स्वतःच्या हौसेच्या वस्तूवर जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. तिची नोंद मालकाच्या उचल खात्यातच व्हावी.

आजोबांचा आक्षेप निराळा होता: घरात बाँबवाहू विमान कशाला? अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान येते, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. प्रतिकृतीने कोणाचा जीव जात नाही, तेव्हा तो दोष येथे ओढूनताणून लावू नये. तरीही ज्या घरात मुलांना खेळण्यातली बंदूकही कधी आणली नाही, तेथील वृद्धाची अस्वस्थता हसण्यावारी नेण्याजोगी खचितच नव्हे.

शेवटी मुलाने स्वतःच्या बचतीतून विमान घेतले. जग्वारची क्षेपणास्त्रे पंखांच्या वर बसतात, हे त्याचे वैशिष्ट्य. मुलाने ती व खालचे बाँब काढून खोक्यातच ठेवले. आजोबा आता पाहुण्यांना एक इंचाच्या माणसाचा हिशेब स्वतःच समजावून सांगतात.