यंत्राला न साधणारी चव

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकथामाला १९६६ साली सुरू झाली आणि तिचा विस्तार अद्याप थांबलेला नाही. तिच्यातील चोविसाव्या शतकात मानवाला पैशाची गरज उरलेली नाही. ‘रेप्लिकेटर’ नामक यंत्रापुढे पदार्थाचे नाव उच्चारावे, की तो समोर हजर! ‘सिंथेहॉल’ हे कृत्रिम पेय असे, की त्याची धुंदी मनात येताच झटकून टाकता यावी. तरीही १९९० सालच्या एका भागात कॅप्टन पिकार्ड स्वगृही परततो, तेव्हा त्याचा थोरला भाऊ फ्रान्समधील वडिलार्जित द्राक्षमळा सांभाळताना दिसतो. घरात ते यंत्र आणण्यास त्याचा ठाम विरोध आहे.

टंचाई संपली की मूल्यही संपते, असे मानणाऱ्यांना हा मळा कोड्यात टाकील. त्याचे उत्तर शेरीच्या इतिहासात सापडते. ‘शेरी’ हा स्पेनमधील हेरेझ या नगराच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश. तेथील चुनखडीयुक्त पांढरी माती आणि जुन्या पिंपातील थोडे मद्य काढून तेथे नवे भरण्याची परंपरा, यांतून तिची चव घडते. इंग्लंडमध्ये आयात द्राक्षरसापासून बनविलेले मद्य ‘ब्रिटिश शेरी’ म्हणून खपत असे. १९९६ पासून युरोपीय कायद्याने हे नाव हेरेझ परिसरापुरते राखून ठेवले. नक्कल बाजारात राहू शकली. नाव मात्र मूळ भूमीकडे परतले.

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो स्थळ आणि श्रम यांच्या मोलाचा. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकन म्हणजे उत्पन्नाची हमी नव्हे. नावाचा लाभ भट्टी लावणाऱ्याच्या हाती पडला नाही, तर तो बाटलीवरील चिठ्ठीपुरताच राहील.

नवघर-भाईंदरच्या रहिवाशांना हे कोडे परके वाटू नये. येथील मिठागरांकडे आज मिठापेक्षा जमिनीच्या भावानेच अधिक पाहिले जाते. मीठ कोठूनही आणता येईल. परंतु खाडीचे पाणी केव्हा घ्यावे आणि किती आटवावे, ही जाण गाडीत भरून आणता येत नाही. कल्पनेतील चोविसाव्या शतकानेही जी जाण यंत्रावर सोपविली नाही, ती एकविसाव्या शतकाने चौरस फुटांच्या हिशेबात गमवावी काय?