तीन मदतनीस आणि एक सूची

(तृतीय वर्ष, कला)

"तू कला शाखेची. कोणता मदतनीस चांगला नि कोणता वाईट, याच्याशी तुला काय करायचंय?" असे माझा मामेभाऊ मला म्हणाला, तेव्हा खरे सांगायचे तर मला राग आला नाही. प्रश्न रास्तच होता. दादा ऐरोलीच्या एका कंपनीत सात वर्षे प्रोग्रॅम लिहितो आणि मी मराठी हा विषय घेऊन तृतीय वर्षाला बसले आहे. राग आला तो पुढे तीन महिन्यांनी, आणि तोही दादाचा नव्हे. त्या रागातूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

आपल्या वाचकांत माझ्यासारखेच पुष्कळ असतील म्हणून आधी थोडा खुलासा करते. संगणकाकडून काम करून घ्यायचे म्हणजे त्याला कळेल अशा भाषेत ओळीमागून ओळ सूचना लिहायच्या. या लिखाणात हात देणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रे गेल्या काही वर्षांत आली. २०२१ साली 'गिटहब कोपायलट' मोजक्या लोकांना वापरायला मिळाले, २०२२ मध्ये ते सर्वांना खुले झाले. मागोमाग 'कर्सर', गूगलचे 'जेमिनी कोड असिस्ट', २०२५ मध्ये 'क्लॉड कोड' अशी रांगच लागली. नावे अनेक असली तरी जाती तीनच. पहिल्या जातीचा मदतनीस तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत की उरलेली अर्धी पुढे करतो. दुसऱ्याशी बोलावे लागते. काय हवे ते सांगा, तो लिहून देतो, शंका विचारतो, समजावतो. तिसऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्याच द्यायच्या. तो आपणच फायली उघडतो, बदलतो, चालवून पाहतो आणि शेवटी 'झाले' म्हणून कळवतो. आता बहुतेक कंपन्या ही तिन्ही रूपे एकाच दुकानात विकतात, ती गोष्ट वेगळी.

सकाळच्या जलद लोकलने डोंबिवलीहून निघून ठाण्याला उतरणारे, आणि तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडण्यासाठी धावणारे शेकडो तरुण या व्यवसायातले आहेत. पूर्वी त्यांच्या गप्पा पगारवाढीच्या नि गाडीच्या उशिराच्या असत. हल्ली एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे कुठला आहे?" दहावीच्या मुलांच्या आयांनी 'गणिताला कुठला क्लास?' असे विचारावे, तसा हा प्रश्न. त्यात कुतूहल कमी, धास्ती जास्त. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातून दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यामागे कृत्रिम बुद्धी नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. ते खरे असेलही. पण ज्या कंपनीच्या ठाण्यातल्या इमारती आपण येताजाता पाहतो, तिची बातमी आमच्या चाळीवजा सोसायटीत चहाबरोबर चघळली गेली नसती तरच नवल.

आमचे आजोबा मात्र शांत होते. ते बँकेत कारकून होते. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, तेव्हा डोंबिवलीतल्या घराघरांत हीच चर्चा होती म्हणतात. "आम्हीही संगणकाच्या विरोधात घोषणा दिल्या, आणि पुढे त्याच्यावरच बसून निवृत्त झालो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मला ते पुरेसे वाटत नाही. आजोबांच्या संगणकाने बेरीज केली. कोणती बेरीज करायची हे त्याने ठरवले नव्हते.

असो. आता माझ्या रागाकडे वळते.

आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांची लेखकवार सूची करावी, असे ग्रंथपाल मॅडमच्या मनात बरेच दिवस होते. कपाटात अंक आहेत, पण कोणी काय लिहिले हे शोधायचे तर प्रत्येक अंक उघडावा लागतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्या गावांना ग्रंथालयांची एवढी जुनी सवय आहे, तिथल्या महाविद्यालयाला आपल्याच अंकांची सूची नसावी हे त्यांना खटके. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी दिवाळीच्या सुट्टीत सुमारे अकराशे नोंदी टंकित केल्या. राहिले फक्त नावे वर्णानुक्रमे लावणे. दादा म्हणाला, "हे काय काम आहे? चहा उकळेपर्यंत होईल." आणि त्याने त्याचे तिन्ही मदतनीस मला वापरायला दिले. कोणत्या कंपनीचे ते मी सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांत ही यंत्रे बदलतात, नि उगाच कुणाला नावाने ठेवलेला दोष उद्या खोटा ठरायचा.

पहिल्याने अर्धी ओळ पुरी केली आणि सूची तयार झाली. मी ती पाहिली. कामत, काळे, कावळे, कासार. शाळेत मुळाक्षरे म्हटलेल्या कुणालाही इथे ठेच लागेल. आपला 'ळ' 'ह'च्या नंतरचा. म्हणजे काळे कासारांच्या मागे उभे राहायला हवेत. ते पुढे कसे घुसले? याचे कारण मला नंतर समजले. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांची एक वाडी दिली आहे, आणि ती मांडणी १९८८ च्या भारतीय प्रमाणकावरून घेतलेली आहे. ते प्रमाणक सर्व भारतीय लिप्यांना एकच साचा लावणारे, त्यामुळे त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसला. यंत्र क्रमांक पाहते, मुळाक्षरे नाही. मराठीचा वेगळा क्रमनियम युनिकोडच्याच संस्थेने तयार ठेवलेला आहे: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. पण तो मागितला तरच मिळतो, आणि मागायचा असतो हे पहिल्या मदतनिसाला सुचले नाही. त्याला दोष देत नाही. तो अर्धी ओळ पुरी करणारा. मी अर्धी ओळच चुकीची लिहिली होती.

दुसऱ्याला मी मराठीत सांगितले, की नावे मराठी वर्णानुक्रमाने लावायची आहेत. त्याने तो नियम आपण होऊन काढला आणि वर मलाच विचारले, 'क्षीरसागर हे नाव क मध्ये हवे, की अगदी शेवटी?' मी थक्क झाले. हा प्रश्न घेऊन विभागात गेले, तर तिथे वादच पेटला. सर म्हणाले, "क्ष हे जोडाक्षर आहे. क् अधिक ष. त्याची जागा क मध्येच." मॅडम म्हणाल्या, "मुलं मुळाक्षरं म्हणतात तिथं क्ष शेवटी येतो, आणि कपाटापुढे मुलंच उभी राहतात." (मौज अशी की पहिल्या मदतनिसाची अडाणी सूची या एका बाबतीत सरांच्या मताची निघाली. सरांना हे सांगितल्यावर ते फारसे खूष झाले नाहीत.) वाद मिटला नाही, पण वाद आहे हे तरी त्या यंत्राने उघड केले. जुन्या छापखान्यात मुद्रितशोधकाला शंका आली की तो समासात प्रश्नचिन्ह करी आणि मुद्रित लेखकाकडे परत पाठवी. ते प्रश्नचिन्ह मला इथे भेटले.

तिसऱ्याला दादाने स्वतः काम सांगितले, कारण तो त्याचा लाडका. पाच मिनिटांत त्याने सगळे केले. ळ जागेवर, क्ष जागेवर, सुबक तक्ते, आणि खाली ऐटीत निरोप: सर्व चाचण्या यशस्वी. दादाने माझ्याकडे 'बघ' अशा नजरेने पाहिले. मीही भाळले. सूची छापून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी मॅडमनी मला बोलावले. "नोंदी किती होत्या गं तुझ्या?" त्यांनी बोटाने मोजून काढले होते; चौदा नोंदी कमी होत्या. शोध घेतला तेव्हा कळले, की त्या मदतनिसाने नावांच्या आधीचे 'कु.', 'श्री.', 'प्रा.' असे मानाचे शब्द आपल्या मनाने काढून टाकले, आणि मग जी नावे सारखी दिसली ती 'दुबार' म्हणून एकत्र केली. १९७४ च्या अंकात कविता लिहिणारी 'कु. स. जोशी' आणि १९८३ च्या अंकात नाटकावर लेख लिहिणारे 'प्रा. स. जोशी' ही एकच व्यक्ती होऊन बसली होती, आणि तिच्या नावावर एकच लेख उरला होता. कविता गेली. त्या मुलीची आपल्या महाविद्यालयातली तेवढीच खूण होती. तीही यंत्राने नीटनेटकेपणापायी पुसली. कुणी सांगितले होते? कुणीच नाही. आणि चाचण्या यशस्वी कशा? चाचण्याही त्यानेच लिहिल्या होत्या. प्रश्नपत्रिका ज्याची, उत्तरपत्रिका त्याची, तपासणारा तोच, तर शंभर गुण मिळायचेच. मला राग आला तो इथे.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी, कारण ती आमची होती. 'कुऱ्हाडे' हे आडनाव सूचीत दोनदा आले होते, आणि ती मात्र एकच व्यक्ती. एका मैत्रिणीने फोनवर टंकित केले होते, दुसरीने संगणकावर. ऱ्ह हे अक्षर दोन रीतींनी लिहिता येते. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साधा र आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला मात्र दोन वेगळी माणसे. म्हणजे जिथे दोघी वेगळ्या तिथे यंत्राने एक केले, नि जिथे एक तिथे दोन केले. हे पकडायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नव्हती. मराठी नावे आणि जुने अंक ओळखीचे असण्याची होती.

आता दादाच्या मूळ प्रश्नाला उत्तर देते. या यंत्रांच्या तुलना जगभर होतात, आणि त्या बहुतेक दोन गोष्टी मोजतात: किती लवकर, आणि किती प्रश्न सुटले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोपायलट वापरणाऱ्यांनी एक नेमून दिलेले काम ७१ मिनिटांत केले, न वापरणाऱ्यांना १६१ मिनिटे लागली. डोळे दिपावेत असा फरक. पण २०२५ मध्ये 'मीटर' या अमेरिकी संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली, तेव्हा मदतनिसासह काम करताना त्यांना १९ टक्के वेळ जास्तच लागला. आणि काम संपल्यावरही त्यांची समजूत अशी, की आपला २० टक्के वेळ वाचला! प्रश्नांच्या यादीचे म्हणावे, तर जिच्यावर या यंत्रांचे क्रमांक लावले जातात ती प्रसिद्ध यादी १२ पायथन प्रकल्पांतल्या २,२९४ प्रश्नांची आहे. काळे कासारांच्या मागे उभे राहतात की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. मराठी नावे, मराठी पत्ते, सात-बाराचे उतारे, रेशनकार्डे यांचे काम करणाऱ्याने ते गुणांक पाहून मदतनीस निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने आपली चप्पल घेणे आहे.

माझे मत असे, की न सांगितलेले काही केले असेल तर तो ते कळवतो का, आणि अडले तिथे विचारतो का, यावरून मदतनीस जोखावा. वेग नंतर पाहावा. या कसोटीला दुसरा उतरला. तिसरा सर्वांत हुशार होता हे मी नाकारीत नाही. चुका दाखवल्यावर त्याने त्या दहा मिनिटांत निस्तरल्या आणि ऱ्हची दोन रूपेही एक करून दिली. पण आधी मॅडमना बोटाने मोजावे लागले.

सरांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "अगं, माणूस मदतनीस असता तरी हेच करता." करता, हे मान्य. पण त्याला बोलावून कान पकडता आला असता, आणि पुढच्या खेपेस तो शिकलेला असता. इथे एक गोष्ट मला अधिक सलते. दादा म्हणतो, नव्याने लागलेल्या मुलांना पूर्वी अशीच कामे देत: याद्या लावणे, बारीक चुका शोधणे. त्यावर सहा महिने घासले की मूल तयार होई. दादा स्वतः तसाच तयार झाला. ती कामे आता तिसऱ्याकडे जातात, आणि दादाच्या गटात दोन वर्षांत एकही नवे मूल आलेले नाही. मग चौदा नोंदी कमी आहेत हे उद्या कुणाच्या लक्षात येणार? दादाला विचारले, तर तो म्हणाला, "मला माहीत नाही." एरवी त्याला सगळे माहीत असते.

त्याने माझ्याकडून बारा नावांची एक यादी मात्र मागून घेतली आहे. तीत काळे, कासार, दोन्ही रीतींनी लिहिलेले कुऱ्हाडे, कु. जोशी आणि प्रा. जोशी असे सगळे आहेत. ऑफिसात नवा मदतनीस आला की तो आधी ही यादी लावायला देतो. सूचीत कु. स. जोशींची कविता परत आली आहे. क्षीरसागर अजून अधांतरी आहेत. त्यांची जागा सर आणि मॅडम मिळून ठरवणार आहेत, आणि अंक छापखान्यात जायला आठ दिवस उरले आहेत.