या वयात कशाला, असं म्हणू नका

चांदूर बाजारसारख्या गावात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की घरात तीन गोष्टी बोलल्या जातात. नागपूरला न्यायचं की मुंबईला, खर्च किती आणि सोबत कोण जाणार. उपचारानंतर नवरा-बायकोच्या संबंधांचं काय, हा प्रश्न कुणी काढत नाही. काढलाच तर ‘म्हातारचळ’ हा शब्द तयार असतो.

ऑपरेशनमध्ये ग्रंथीलगतच्या नसांना इजा होऊ शकते. रेडिएशननंतरही त्रास होतो. हार्मोन थेरपीत टेस्टोस्टेरॉन घटतं; इच्छा मंदावते, स्नायू झडतात, चरबी वाढते, हाडं ठिसूळ होतात. माणूस वाचतो, पण घरात अबोल होतो. बायकोला वाटतं, आपलंच काही चुकलं. कुणी मग भिंतीवरच्या ‘मर्दानी ताकद’वाल्या जाहिरातीच्या नादी लागतो.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या ११२ पुरुषांवर चाचणी घेतली. सहा महिने देखरेखीखाली वजनांचा आणि दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांची लैंगिक क्षमता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. व्यायामानं सगळं पूर्ववत होतं असं नाही, पण हा फायदा सोडून देण्याजोगाही नाही.

‘आम्ही संत्र्याच्या बागेत राबतो, पाच वेळा नमाज पढतो, आणखी व्यायाम कशाला?’ असं विचारलं जाईल. राबण्यानं माणूस थकतो. व्यायामात मात्र कोणत्या स्नायूला किती वजन द्यायचं आणि ते कधी वाढवायचं, हे ठरलेलं असतं. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर चुकीच्या वजनानं हाड मोडू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला व्यायाम नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. त्याचे खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. पण व्यायाम तरुणांचा, अशी आपली समजूत आहे. कॅन्सरच्या कागदावर गोळ्यांसोबत व्यायामही लिहिला जावा आणि तालुक्याच्या दवाखान्यात ठरल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट भेटावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

आपल्या समाजात अडसर लाजेचा आहे. हया हा गुण खराच. पण उम्मे सुलैम यांनी प्रेषितांना स्त्रियांच्या गुस्लबद्दल थेट विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर मिळालं, फटकार नाही. ऑपरेशननंतर लघवी गळते म्हणून मशिदीत जाणं सोडणारेही आहेत. सतत गळणाऱ्या अशा माजूर माणसाला हनफी मतानुसार दर नमाजाच्या वेळी नवा उजू करून नमाज पढता येते. ही सवलत इमामसाहेबांनी मोकळेपणानं सांगावी.

पुढच्या तपासणीला मुलाला बाहेर बसवा आणि बायकोला आत न्या. जे विचारायचं ते दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा.