लेखकाच्या वतीने बोलणार कोण?

प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली आणि चारच वर्षांनी तिने 'कुंकू' पडद्यावर आणला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला होता. कागदावरची कथा दुसऱ्या माध्यमात नेण्याचा व्यवहार या शहराला तेव्हापासून परिचित आहे. पुढेही ही परंपरा खंडित झाली नाही. आनंद यादवांची 'नटरंग' 2010 मध्ये चित्रपटरूपाने आली. सुहास शिरवळकर 2003 मध्ये निवर्तले; त्यांच्या 'दुनियादारी'वरचा चित्रपट 2013 मध्ये आला आणि ज्या तरुणांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते ते पुस्तकाच्या दुकानांत ती कादंबरी मागू लागले. शब्द पुण्याचा, वाचक महाराष्ट्राचा, पडदा साऱ्या जगाचा, असा हा प्रवास आहे. या प्रवासात लेखकाच्या शेजारी बसून त्याचा हिशोब पाहणारा माणूस मात्र आजही मराठीत जवळजवळ नाहीच.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात असा माणूस एकोणिसाव्या शतकापासून आहे. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्याचा व्यवसाय सुरू केला. रुडयार्ड किपलिंग आणि आर्थर कॉनन डॉयल हे त्यांचे पक्षकार होते. लेखकाला मिळणाऱ्या रकमेतील दहा टक्के हे त्यांचे पारिश्रमिक असे. आज ते सर्वसाधारणपणे पंधरा टक्के धरले जाते. लेखकाला काही मिळाले तरच प्रतिनिधीला मिळणार, हे या व्यवस्थेचे मर्म. करार वाचणे, मुद्रण, अनुवाद, नाटक, चित्रपट, ध्वनिपुस्तक असे हक्क वेगवेगळे राखणे, प्रत्येकाची मुदत नोंदवणे आणि मानधन वेळेवर वसूल करणे, हे त्याचे काम.

यातील विसंगती पुण्यात ठळकपणे दिसते. परदेशी कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद पुण्यातील प्रकाशक गेली अनेक वर्षे रीतसर हक्क घेऊन काढत आहेत. त्यासाठी परदेशी लेखकाच्या प्रतिनिधीशी पत्रव्यवहार होतो, अटी ठरतात, करारावर स्वाक्षऱ्या होतात. म्हणजे व्यवस्था कशी असते, हे इथल्या व्यवसायाला उत्तम ठाऊक आहे. पण दिशा उलटी झाली, मराठी कादंबरी इंग्रजीत, तामीळमध्ये वा मालिकेत जायची वेळ आली, की समोरच्या खुर्चीवर कोणी नसते. निर्माता लेखकाला दूरध्वनी करतो. लेखक संकोचतो, 'तुम्हीच सांगा' म्हणतो, आणि तिथेच व्यवहार संपतो.

लेखक हयात नसेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. वारस एक पुण्यात, एक अमेरिकेत. करार सापडत नाही. सापडला तर त्यावर 'सर्व हक्क' एवढेच दोन शब्द असतात. त्या शब्दांचा अर्थ काय, हे ठरवायला न्यायालय गाठावे लागते. 'ययाति'कार वि. स. खांडेकर हे ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक. त्यांच्या वारसांचा आणि पुण्यातील प्रकाशनसंस्थेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. दिलेले हक्क कायमचे हस्तांतरित झाले की तो केवळ प्रकाशनाचा परवाना होता, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. एवढ्या मोठ्या लेखकाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत असेल, तर तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्या शिक्षकाची काय कथा?

कायदा लेखकाच्या बाजूने नाही, असे मुळीच नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. कराराने मुदत सांगितली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश सांगितला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही नमूद नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक मोलाची तरतूद केली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखावाचून दिले गेले असे धरता येत नाही. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आली आणि मराठी ध्वनिपुस्तकांना मोठा श्रोता लाभला. त्यापूर्वीच्या किती मराठी करारांत या माध्यमाचा विचार झाला असेल? कायद्याने दिलेले हे कवच आहे. पण कवच अंगावर चढवावे लागते. ते पेटीत ठेवून रक्षण होत नाही.

मग मराठीत असा व्यवसाय उभा का राहिला नाही? एक कारण मनोवृत्तीचे आहे. सरस्वतीच्या उपासकाने लक्ष्मीचा उच्चार करू नये, अशी एक समजूत येथे रुजली आहे. मध्यस्थ म्हणजे दलाल, असेही सहज म्हटले जाते. वास्तविक सुनीताबाई देशपांडे यांनी पु. लं.च्या साहित्याच्या परवानगीबाबत आणि मानधनाबाबत जी काटेकोर शिस्त पाळली, ती याच कामाचा घरगुती आदर्श होती. त्या शिस्तीवर त्या काळी टीकाही झाली. पण तिने साहित्याची अप्रतिष्ठा झाली नाही, उलट प्रतिष्ठाच वाढली. सगळ्याच लेखकांच्या घरी सुनीताबाई नसतात, एवढाच काय तो फरक.

दुसरे कारण शुद्ध अंकगणिताचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तीनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर दहा टक्क्यांनी लेखकाला तीस हजार रुपये मिळतील. त्यातील पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. एवढ्यावर कोणाची कचेरी चालणार? केवळ मुद्रित पुस्तकावर मराठीत असा व्यवसाय जगूच शकत नाही. तो जगेल तर अनुवाद, चित्रपट, मालिका आणि ध्वनिपुस्तके यांच्या एकत्रित हक्कांवर, आणि तेही एका लेखकाच्या नव्हे, शेकडो लेखकांच्या बळावर. प्रकाशकांकडेही बोट दाखवून भागणार नाही. कित्येक मराठी प्रकाशकांनी पदरमोड करून लेखक मोठे केले आहेत. पण कागदाच्या भावाशी झुंजणाऱ्या छोट्या प्रकाशनसंस्थेने चित्रपटाचा करारही सांभाळावा, ही अपेक्षा अवास्तव आहे.

जे एकट्याला जमत नाही ते संस्था उभारून करावे, हा पुण्याचा जुना संस्कार आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 पासून येथे आहे. मराठी प्रकाशकांची संघटना येथे आहे. विधी महाविद्यालये येथे आहेत आणि इंग्रजी उत्तम जाणणारे, वेळ देऊ शकणारे निवृत्तही येथे आहेत. या सर्वांनी मिळून लेखकांच्या हक्कांचे एक केंद्र उभारणे अशक्य नाही. प्रारंभ लहान असावा. कोणत्या पुस्तकाचे कोणते हक्क कोणाकडे आहेत याची नोंदवही, मराठीत लिहिलेला नमुना करार, वारसांसाठी सल्ला आणि निवडक पुस्तकांचे वीस-पंचवीस पानांचे इंग्रजी व हिंदी परिचय, एवढे झाले तरी पुष्कळ. गीतकार-संगीतकारांनी आपल्या मानधनासाठी 1969 मध्ये आयपीआरएस ही संस्था स्थापन केली. तिलाही चढउतार पाहावे लागले, पण वाट तर पडली.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र आनंद झाला. तो योग्यच होता. मात्र 2022 मध्ये हिंदी कादंबरीच्या आणि 2025 मध्ये कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा मराठी वाचकाच्या मनात जी हळहळ उमटली, तिचे उत्तर दर्जाच्या पत्रात नाही. आपल्याकडे लिहिणारे कमी नाहीत. त्यांचे लिहिणे उचलून दुसऱ्याच्या दारी सन्मानाने नेणारे हात कमी आहेत. भाषेचा अभिमान सभेत व्यक्त होतो; तिची काळजी मात्र लेखकाच्या कराराच्या कागदावर दिसते. तो कागद वाचणारे कोणी तरी पुण्यात आता बसले पाहिजे.