बीएस्सी बायोलॉजी : डिग्री हातात, पण कोणती?

नीटचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजांत बीएस्सीच्या फॉर्मसाठी गर्दी वाढते. रावेर, यावल, चोपडा, फैजपूर, सगळीकडे हेच चित्र. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलं नीटला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. उरलेल्यांतली बरीच मुलं 'वर्ष वाया नको' म्हणून बीएस्सीला येतात. बॉटनी घ्यायचं, झूलॉजी घ्यायचं की मायक्रोबायोलॉजी, यावर घरात फारशी चर्चा होत नाही. जिथे जागा आहे, जिथे एसटी वेळेवर पोचते, तो विषय. बायोलॉजी म्हणजे बायोलॉजीच, त्यात काय एवढं, असा समज असतो.

फरक आहे, आणि तो तीन वर्षांनी जाहिरात वाचताना कळतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद घ्या. अन्न सुरक्षा नियमांत या पदासाठी ज्या पदव्या दिल्या आहेत त्यात मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी आहे. साधी बॉटनी किंवा झूलॉजी त्या यादीत नाही. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला फॉर्म भरता येतो, दुसरीला नाही. प्रवेशाच्या वेळी हे सांगणारं कुणी नसतं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते गावातलंच आहे. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशक विकायचं तर आता परवान्यासाठी शिक्षणाची अट आहे. कृषी पदवी तर चालतेच, पण बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्स किंवा केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी विषयांसह विज्ञानाची पदवीही चालते. ही गोष्ट बीएस्सीच्या कितीतरी मुलांना ठाऊकच नाही. जुन्या दुकानदारांना सवलती आणि मुदतवाढी मिळत गेल्या, नव्याने दुकान टाकणाऱ्याला मात्र पदवी दाखवावी लागते. खताचा परवाना वेगळा असतो, त्याची अटही वेगळी. कृषी किंवा केमिस्ट्रीची पदवी, नाहीतर ठरावीक मुदतीचा प्रमाणपत्र कोर्स. बॉटनीवाल्याने दुकानाचा गाळा घेण्याआधी हे कृषी विभागात विचारून घ्यावं.

इथे एक धोका आहे. बोर्डावर एकाचं नाव आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार मेडिकल स्टोअरमध्ये लोकांनी पाहिलेला आहे. नोकरी नसलेल्या पदवीधराला 'फक्त सर्टिफिकेट दे, महिन्याला काहीतरी देतो' असं विचारलं जाऊ शकतं. पैसे बरे वाटतात. पण बोगस औषध निघालं, फवारणीत कुणाला विषबाधा झाली, तर चौकशी आधी परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात येते.

लॅबचंही असंच आहे. बीएस्सी झालं की डीएमएलटी करायचं आणि तालुक्याला स्वतःची लॅब टाकायची, हा सर्वांत लोकप्रिय बेत. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही पाहिजे. तंत्रज्ञ रक्त काढू शकतो, मशीन चालवू शकतो, आकडा काढू शकतो. रिपोर्ट प्रमाणित करू शकत नाही. म्हणून डीएमएलटी वाईट नाही. दवाखाने, रक्तपेढ्या, मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटर यांत माणूस लागतोच. पण 'स्वतःची लॅब' या शब्दांवर विश्वास ठेवून बापाने शेत गहाण टाकू नये. शिवाय डीएमएलटी देणाऱ्या संस्थांचं पीक आलंय. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : या सर्टिफिकेटवर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? उत्तर गोलमोल आलं तर उठून यायचं.

मुलींच्या घरच्यांची पहिली पसंती अजून मास्तरकी. तीन वर्षं बीएस्सी, मग सीईटी देऊन दोन वर्षं बीएड. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीचे वर्ग बंद केले, ते डीएडवाल्यांचेच राहिले. राहिले सहावी ते आठवी, त्याला टीईटीचा दुसरा पेपर, नववी-दहावी, आणि अकरावी-बारावीला तर एमएस्सीही लागते. त्यानंतर शिक्षक भरतीची टेट परीक्षा आणि पवित्र पोर्टल. ही टेट २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. मधली वर्षं ज्यांची गेली त्यांचं काय झालं ते गावोगाव दिसतं. खाजगी संस्थेत 'भरावे लागतात' त्या पैशांचा विषय तर वेगळाच.

वनरक्षक भरतीला बीएस्सी लागतच नाही, विज्ञानातून बारावी पुरते. तिथे निकाल लागतो तो पुरुषांच्या पाच आणि महिलांच्या तीन किलोमीटर धावण्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरांना हे सांगायची गरज नाही. पदवीचा खरा उपयोग वनक्षेत्रपालाच्या, म्हणजे एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेत. तिथे बॉटनी, झूलॉजी चालते.

आता केळीकडे. जळगाव जिल्ह्यात बायोलॉजीचं शिक्षण आणि शेत एकमेकांना भिडतात ते इथे. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपं आज बहुतेक बागायतदाराला माहीत आहेत, जळगावातच जैन इरिगेशनचं मोठं काम या क्षेत्रात आहे. कोंबाचा बारीक तुकडा निर्जंतुक खोलीत बाटलीत वाढवायचा, त्याचे अनेक कोंब करायचे, मग हरितगृहात रोप बाहेरच्या हवेला सरावायचं. हे काम शिकायला बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक यांचा पाया लागतो. आणि सीएमव्ही, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, तो बागेत शिरला की झाडं उपटून गाडण्यावाचून इलाज नाही. मावा तो पसरवतो, रोगट रोपातूनही येतो. म्हणून मातृवृक्ष विषाणूमुक्त आहे का हे प्रयोगशाळेत तपासावं लागतं. अशा तपासण्या, ट्रायकोडर्मासारखी जैविक औषधं, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं किण्वनाचं काम, दूध संघाची प्रयोगशाळा, ही कामं पुण्या-मुंबईला न जाता मिळू शकतात. पगार सुरुवातीला तोकडाच असतो. पण हात तयार होतो, आणि नर्सरी स्वतः टाकायची तर भांडवलाइतकाच हाही लागतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या काळातच फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलंय. ते एखाद्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकायचं, की टिश्यू कल्चर लॅबमध्ये दोन महिने उभं राहून करायचं, हे मुलांच्या आणि प्राध्यापकांच्या हातात आहे.

संशोधनाकडे जाणाऱ्याला तर वेळेचाच फटका बसतो. आयआयटीत एमएस्सीसाठी 'जॅम' परीक्षा असते, तिचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर बॉटनी-झूलॉजीवालेही देऊ शकतात. परीक्षा फेब्रुवारीत, पण फॉर्म निघतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र चालू असताना. बायोटेकच्या एमएस्सीसाठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. पुढे सीएसआयआर नेट काढून जेआरएफ मिळाली आणि पीएचडीला प्रवेश झाला, तर महिन्याला ३७ हजार रुपये विद्यावेतन, वर नियमाप्रमाणे घरभाडं. पेपर इंग्रजीत असतात, हा अडथळा खरा आहे, आणि तो तिसऱ्या वर्षी नाही, पहिल्या वर्षापासून काढावा लागतो. तालुक्याच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर स्कॉलरशिपची आणि परीक्षा फीची मुदत लागते. त्याच बोर्डावर जॅमच्या फॉर्मची तारीख लावायला एक कागद आणि चार टाचण्या लागतात.